गिअर चुकतो तेव्हा काय होते

दुसरा गिअर टाकावा, इंजिनाने नुसतेच ओरडावे आणि गाडीने ओढ घेऊ नये, असे झाले की ‘गिअरचे दात घासले’ हे निदान लगेच होते. ते बहुधा चुकीचे असते. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधल्या चाकांचे दात कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर बदलताना हलतात ते डॉग (चाकाच्या बाजूवरच्या जाड खुंट्या); ते शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. पूर्ण शिरले नाहीत, तर खोटा न्यूट्रल (दोन गिअरांमधली अधांतरी अवस्था) लागतो. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये तर बहुतेक गाड्यांत खराच न्यूट्रल असतो, म्हणून घोटाळा तिथे जास्त.

दाराचा अडसर भोकासमोर आला नसेल, तर ठोकून सरकत नाही. दार जरा हलवावे लागते. डॉग आणि खाचांचेही तसेच. सिग्नलला पहिला गिअर पडत नसेल, तर लाथ मारण्याऐवजी क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा. खाचा समोर येतात.

चालत्या गाडीत थ्रॉटल मिटवावे, क्लच पूर्ण दाबावा, लिव्हर शेवटपर्यंत उचलून क्लच सुटेपर्यंत तिथेच धरावा. नंतर पाय सैल सोडावा, कारण लिव्हर मूळ जागी परतल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. (हे शिकवणारे फारसे सांगत नाहीत.) क्लचची वायर फार ढिली असली, तरी हाच त्रास होतो.

नीट पडलेला गिअर वेग घेताना आपोआप निसटत असेल, तर मात्र खुंट्यांच्या कडा झिजल्याची शंका घेऊन मेकॅनिक गाठावा.