यादींत नांव नाहीं, मग पुढें काय?

खामगांवच्या एखाद्या घरांतील मुलगी एम.बी.बी.एस. होते, वर्षाची इंटर्नशिप पुरी करते, नीट-पी.जी. देते, आणि प्रवेशाच्या सर्व फेऱ्या संपल्या तरी यादींत तिचें नांव येत नाहीं. शेजारीपाजारी विचारतात, “डॉक्टर झाली ना? मग आतां काय राहिलें?” घरच्यांना वाटतें, मुलगी अभ्यासांत कमी पडली. श्रोतेहो, गोष्ट इतकी सोपी नाहीं.

२०२१ च्या परीक्षेनंतर देशांत १,४५६ पदव्युत्तर जागा रिकाम्या राहिल्या. आणखी एक फेरी घ्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानें जून २०२२ मध्यें फेटाळली. त्यांतील बहुतेक जागा रुग्णाशीं थेट संबंध न येणाऱ्या विषयांच्या होत्या. म्हणजे एकीकडे उमेदवार ताटकळत होते व दुसरीकडे जागा ओस पडल्या होत्या. घराजवळ जागा मिळणेंहि कठीणच. अकोल्याचें शासकीय महाविद्यालय २००२ सालचें. बुलढाण्याचें २०२४ मध्यें उघडलें. नव्या महाविद्यालयांत आधीं एम.बी.बी.एस.चे वर्ग भरतात, पदव्युत्तर जागा मागाहून येतात.

आतां निवडीची रीत पाहूं. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिति भरते, उरलेल्या निम्म्या मुंबईचा राज्य सी.ई.टी. कक्ष. दोन्हींकडे वेगळी नोंदणी करावी लागते. संगणक गुणानुक्रमानें एकेक उमेदवार घेतो व त्याच्या पसंतियादींतील वरून पहिली मोकळी जागा त्याला देतो. म्हणून खालीं आणखी दहा नांवें लिहिल्यानें वरच्या पसंतीला मुळींच धक्का लागत नाहीं. पांचच नांवें लिहून थांबणारा आपला मार्ग आपणच अरुंद करतो. मात्र जी जागा खरोखर घ्यावयाची नाहीं, ती यादींत लिहूं नये. शेवटच्या फेरींत मिळालेली जागा नाकारली, तर अनामत बुडतेच, शिवाय पुढील परीक्षेचें दारहि बंद होऊं शकतें.

तरीहि जागा न मिळाली, तर? मोठ्या रुग्णालयांतून चालणारा तीन वर्षांचा डी.एन.बी. अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविका आहेत. त्यांत बालरोग, भूल, कुटुंबवैद्यक असे विषय येतात. हे प्रवेशहि नीट-पी.जी.च्याच गुणांवर होतात. सरकारी महाविद्यालयांत शिकलेल्यांना महाराष्ट्रांत एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावयाचीच असते. ती राहिली असेल तर याच वर्षीं उरकावी. आरोग्यकेंद्रांत सेवा करणाऱ्या डॉक्टरांसाठीं राज्यांना राखीव जागा ठेवतां येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ऑगस्ट २०२० मध्यें दिलेला आहे.

अमेरिकेंतहि १९५२ पासून अशीच जुळणी होते, आणि तेथेंहि दरवर्षीं अनेक उमेदवार जागेवांचून राहतात. त्यांना निकालाच्याच आठवड्यांत उरलेल्या जागांसाठीं अर्ज करतां येतात. रडत बसण्यास त्यांना सवड नसते!

घरच्यांनीं एवढेंच करावें. वर्ष फुकट गेलें, असें म्हणूं नये. मुलीला दोन वेळचें जेवण, अभ्यासाची खोली आणि सकाळचे चार तास निर्वेध द्यावेत. उरलेल्या वेळांत ती रुग्ण तपासूं शकते. तिच्या हातीं नोंदणी झालेल्या डॉक्टरचा परवाना आहे, आणि गांवांत रुग्णांना वाण नाहीं.