वैध बंदर आणि भरकटलेली जहाजे

मुरबाडहून टोकावडे ओलांडून वैशाखऱ्यापर्यंत गेले की नाणेघाट समोर उभा राहतो. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला चढे. नाशिककडची वाट शहापूर तालुक्यातल्या थळघाटाची. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचे ब्राह्मी लेख आहेत, हे आपण शाळेतच वाचतो. या व्यापाराची समुद्राकडची बाजू मात्र इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एका अनाम लेखकाने लिहून ठेवली आहे. पुस्तकाचे नाव 'पेरिप्लस'. सोपारा त्यात 'सूप्पारा' होतो आणि कल्याण 'कल्लिएना'.

बँकेच्या नोकरीत मी शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे काढली. कर्जाच्या कागदातला एक शब्द हलला तर काय घडते, ते तिथे शिकलो. त्यामुळे कादंबरीसाठी पेरिप्लस हवा झाला, तेव्हा नुसत्या भाषांतरावर भागेना.

ग्रीक अक्षरे चोवीस. त्यांतली अल्फा, बीटा, थीटा आणि पाय आपल्याला गणिताच्या मास्तरांनी आधीच भेटवलेली असतात. खरी अडचण पुढे येते. 'एकोल्युथे' हे रूप छापील कोशात 'ए'खाली शोधून सापडत नाही, कारण मूळ धातू 'कोल्युओ', म्हणजे अडवणे. आरंभीचा 'ए' भूतकाळाचा, आपल्या संस्कृत 'अगच्छत्'मधल्या 'अ'चा सख्खा भाऊ! टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या संकेतस्थळावर ते रूप जसेच्या तसे टंकले, की धातू, काळ, कर्मणी प्रयोग, पुरुष, वचन, सारे समोर येते. शिकागो विद्यापीठाचा 'लोगिऑन' अनेक कोश एकत्र उघडतो. (आपला मोल्सवर्थही याच विद्यापीठाने नेटवर ठेवला आहे.) लिडेल आणि स्कॉट यांचा १८४३ सालचा जाडजूड कोश, त्याच्या पुढच्या सुधारित आवृत्तीसह, आता मुरबाडच्या ओसरीवर फुकट उघडतो.

कल्याणला पेरिप्लस 'एन्थेस्मोन' बंदर म्हणतो. कोश सांगतो : कायदेशीर. 'थेस्मोस' म्हणजे घालून दिलेला नियम. त्याच्या मुळाशी 'ठेवणे' या अर्थाचा जो धातू आहे, तोच संस्कृतातला 'धा'. विधी, विधान, वैध हे शब्द त्याच 'धा'चे. म्हणजे ग्रीकाने कल्याणला जवळजवळ आपल्याच शब्दात 'वैध' म्हटले. माझ्या मते त्याचा अर्थ असा, की येथल्या व्यवहारामागे राजाची हमी होती.

पुढे सान्दानेस नावाच्या कोणा सत्ताधीशाने कल्याण घेतले आणि बंदराची अडवणूक झाली. शॉफ यांच्या १९१२ सालच्या इंग्रजी भाषांतरात तिथे उतरणारी ग्रीक जहाजे 'कदाचित' पहाऱ्यात भडोचला नेली जातात. मुळात 'योगायोगाने' हे शब्द उपपद आणि 'जहाजे' यांच्या मध्ये, 'शिरणारी' या विशेषणाला जोडून बसले आहेत. म्हणजे जहाज शिरते योगायोगाने. नेले जाणे मात्र ठरलेले. यंत्राने प्रत्येक शब्द सोडवून दिला, पण कोणता शब्द कोणाचा, हे त्याने सांगितले नाही. त्यासाठी ओळ बोटाने चार वेळा वाचावी लागली.

फरक लहान नाही. 'कदाचित' असते तर धाडसी तांडेलाने नशीब आजमावले असते. इथे वाट चुकून आलेल्यालाही सुटका नव्हती. माल जायचा तो भडोचला. नाणेघाटाखाली बैल घेऊन थांबलेल्याचे मग काय? माझ्या कादंबरीतला बैलवाला सातव्या प्रकरणात बेकार होणार होता. आता तो दुसऱ्यातच होतो.