वर्षावनातला मुक्काम : एकट्या प्रवाशाने तो कसा पारखावा?

व्यापारी घरात वाढलेला माणूस पाटी पाहून माल घेत नाही. सुपारी घ्यायची तर तो ती फोडून पाहतो, धान्य घ्यायचे तर मूठभर तळहातावर पसरून पाहतो. हाच माणूस अरण्यातील मुक्काम ठरवू लागला की मात्र ‘इको-लॉज’ या शब्दावर आणि चार हिरव्या छायाचित्रांवर विसंबतो. कुटुंबासह गेल्यास एखादी गैरसोय वाटून घेता येते. एकट्याने गेलेल्यास ती एकट्यालाच सोसावी लागते.

आज आपल्या घरांतून असे प्रवासी निघू लागले आहेत. शिक्षण संपवून नोकरीस लागलेली मुलगी असते, दुकान मुलांच्या हाती सोपवलेले काका असतात, कधी संसाराच्या व्यापातून मोकळ्या झालेल्या काकूही असतात. ‘एकटी कशाला जातेस?’ या प्रश्नाने घरात केवळ अबोला येतो. ‘कोठे उतरणार आहेस आणि ती जागा कशी पारखलीस?’ असे विचारल्यास मात्र सारे घर तयारीत सहभागी होते.

उदाहरणादाखल कर्नाटकातील आगुंबे घेऊ. शिवमोग्गा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यातील हे गाव पश्चिम घाटाच्या माथ्यावर आहे. येथे वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईच्या मानाने हे प्रमाण जवळजवळ तिप्पट आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत आपली कास, कोयना, चांदोली व राधानगरी आहेत, तसेच आगुंबेचे राखीव वनही आहे. पालापाचोळा रचून घरटे करणारा नागराज, म्हणजे किंग कोब्रा, येथे नांदतो. त्याच्या अभ्यासासाठी सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये येथे वर्षावन संशोधन केंद्र उभे केले.

जैन प्रवाशाला हा प्रदेश परका नाही. आचार्य कुंदकुंदांचे नाव धारण करणारा कुंदाद्री पर्वत जवळच असून त्याच्या माथ्यावर पार्श्वनाथांचे मंदिर आहे. याच जिल्ह्यात पद्मावतीदेवीचे होंबुज क्षेत्र आहे. घाट उतरून गेले की वरंगचे तळ्याच्या मध्यभागी उभे असलेले, नावेने गाठावे लागणारे मंदिर आणि पुढे कारकळ येथील १४३२ साली प्रतिष्ठापित झालेली बाहुबलींची मूर्ती. कोकण रेल्वेने उडुपीस उतरून बसने घाट चढता येतो. एकट्याने प्रथमच जाणाऱ्याने पहिला मुक्काम तीर्थक्षेत्री यात्रेकरूंच्या सोबतीत करावा आणि मग दिवसाउजेडी अरण्यातील निवासस्थानी पोहोचावे, हे उत्तम.

पहिला प्रश्न काळाचा. बहुतेक जाहिराती ‘पावसाळ्यात या’ असे सांगतात. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण या दिवसांत पायाखाली अगणित जीव असतात. वर्षावनात हे कारण डोळ्यांनी दिसते. वाटेवर जळवा असतात आणि त्यांना काढण्यासाठी अनेक ठिकाणी मीठ अथवा तंबाखूची पूड हाती दिली जाते. त्याने जळू तडफडून मरते. गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीचे मोजे घातल्यास जळू त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. चिकटलीच तर नखाच्या कडेने तिचे तोंड हळूच सोडवता येते. असे मोजे निवासस्थानी मिळतात का, हे विचारावे.

उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या महिन्यांत वेगळा धोका असतो. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर वनात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो. त्याचे रुग्ण प्रामुख्याने डिसेंबर ते मे या काळात आढळतात. त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दोन-तीन आठवडे या प्रवासास सोयीचे ठरतात. पाऊस बहुधा ओसरलेला असतो, ओढे वाहते असतात आणि तापाचा मोसम अजून जोर धरायचा असतो. तरीही स्थानिक आरोग्य केंद्राची सद्यःस्थिती यजमानांकडून जाणून घ्यावी आणि अंगभर कपडे घालावेत.

दुसरा प्रश्न आहाराचा. मलेनाडमधील अनेक घरगुती निवासांत शाकाहारी स्वयंपाक होतो. काहींत कांदा-लसूणही नसतो. पण ‘सात्त्विक’ म्हणजे कंदमूळरहित, असे समजू नये. बटाटा, सुरण, अळकुडी त्या स्वयंपाकात सहज असतात. तेव्हा वर्ज्य पदार्थांची नावे एकेक करून लिहून पाठवावीत. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, हे विचारावे. अनेक ठिकाणी रात्रीचे जेवण आठच्या सुमारास असते. गाळून उकळलेल्या पाण्याची सोयही आधीच बोलून ठेवावी. एका व्यक्तीसाठी वेगळा स्वयंपाक करण्यास यजमान तयार आहेत की केवळ ‘हो हो, होईल’ म्हणत आहेत, हे त्यांच्या उलटप्रश्नांवरून कळते. ज्याला खरोखर रांधायचे आहे तो आले, हळद ओली चालते की सुकी, असे बारकावे विचारतो.

तिसरा प्रश्न अरण्याच्या हानीचा. खोल्या पाच आहेत की पन्नास? सांडपाणी शोषखड्ड्यात जाते की ओढ्यात? शेकोटीचे लाकूड कोठून येते? रात्री अंगणात प्रखर दिवे लावतात का? आपल्याकडे रात्रिभोजन निषिद्ध मानण्यामागे दिव्यावर झेपावून मरणाऱ्या कीटकांचाही विचार आहे. ज्या निवासात मंद, खाली झाकलेले दिवे असतात तेथे हा विचार वेगळ्या वाटेने पोहोचलेला असतो. बेडूक व साप दाखवण्यासाठी रात्रीची फेरी असते. वाटाड्या प्राण्यांना हात लावतो का, छायाचित्रासाठी त्यांची जागा बदलतो का, हे स्पष्ट विचारावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला साप पकडून खेळवणे हा गुन्हा आहे. तो ‘खास आकर्षण’ म्हणून सांगितला गेला, तर ते निवासस्थान यादीतून वगळावे.

चौथा प्रश्न स्वतःच्या सुरक्षिततेचा. दाराला आतून कडी आहे का, स्नानगृह खोलीला लागून आहे का, रात्री यजमान कुटुंब त्याच आवारात राहते का, घरात स्त्रिया आहेत का? मोबाइलला तेथे कोणत्या कंपनीचे नेटवर्क येते आणि वीज गेल्यावर काय व्यवस्था असते? होमस्टे कर्नाटकच्या पर्यटन विभागाकडे नोंदलेले आहे का? वनात नेणाऱ्या वाटाड्याकडे वनखात्याची परवानगी आहे का? वैद्यकीय मदतीचा प्रश्न तर टाळूच नये. भारतात मिळणारी सर्पदंशावरील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर बेतलेली आहे. नागराजाच्या किंवा मलबारी चापड्याच्या दंशावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून उंच बूट, विजेरी आणि नजर पायाखाली ठेवण्याची सवय हीच खरी राखण. ईर्यासमितीचे महत्त्व येथे वेगळे सांगावे लागत नाही. तालुक्याचे रुग्णालय किती अंतरावर आहे, घाटाखालच्या मणिपालच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत रात्री वाहन मिळेल का, याचे नेमके उत्तर यजमानांकडे असले पाहिजे.

शेवटी हिशेब. एकट्या प्रवाशाकडून बहुधा पूर्ण खोलीचे भाडे घेतले जाते. जेवण माणशी आहे का, जीप व वाटाड्याचा खर्च इतर पाहुण्यांबरोबर विभागता येतो का, हे आधी ठरवावे. ठरलेल्या साऱ्या गोष्टी लेखी मागवून त्यांची एक प्रत घरी ठेवावी. दररोज कोणत्या वेळी संपर्क होईल, हेही ठरवून घ्यावे.

या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली की एक गोष्ट ध्यानात येते. जो यजमान ‘या मोसमात येऊ नका’, ‘साप दिसेलच असे नाही’, ‘अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडू देत नाही’ असे सांगतो, तोच बहुधा अरण्यालाही जपतो आणि पाहुण्यालाही. सर्व गोष्टींना होकार देणाऱ्याकडे गिऱ्हाईक टिकवण्याची घाई असते. पेढीवर बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा फरक नीट ठाऊक आहे. घरातून कोणी एकटे अरण्यात निघाले असेल तर यजमानाशी होणारे पहिले संभाषण त्यांच्यासमोर व्हावे. त्यांची पारख उपयोगी पडेल आणि निघणाऱ्याला त्यांचा आशीर्वादही मिळेल.