बांबूच्या कचऱ्यातून घराचे बोर्ड

उदबत्तीच्या काड्या काढताना बांबूचा जास्तीत जास्त १६ टक्के भाग कामी येतो आणि उरलेला ८४ टक्के वाया जातो, असं खादी व ग्रामोद्योग आयोगाने म्हटलं आहे. वाया जाणाऱ्या या गाठी, कपच्या आणि भुसा सहसा जाळला जातो. त्यातून कपाटांचे, पार्टिशनचे आणि छताखालचे बोर्ड बनू शकतात.

कृती पार्टिकल बोर्डाचीच. चुरा चाळायचा, ओलावा ५ टक्क्यांच्या खाली येईस्तोवर वाळवायचा, त्यावर रेझिन, म्हणजे चिकटवणारं द्रव्य, फवारायचं आणि गरम प्रेसमध्ये दाबायचा. मात्र बांबूच्या हिरव्या सालीत सिलिका आणि मेण असतं. त्यावर रेझिन नीट धरत नाही, यंत्रांची पातीही लवकर बोथट होतात. म्हणून साल वेगळी काढणं चांगलं. आतल्या गरात पिष्टमय पदार्थ असतात, त्यामुळे पोखरणारे भुंगेरे लागतात. त्यावर बोरिक आम्ल आणि बोरॅक्सची प्रक्रिया उपयोगी पडते.

बोर्ड पर्यावरणपूरक आहे की नाही, हे मात्र त्यातल्या रेझिनवर ठरतं. स्वस्त युरिया फॉर्मल्डिहाइड बोर्डातून फॉर्मल्डिहाइड वायू दीर्घकाळ सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. कमी वायू सोडणारी किंवा फॉर्मल्डिहाइड नसलेली रेझिन्स उपलब्ध आहेत; ती महाग पडतात. रेझिनशिवायही बोर्ड बनवता येतो. बांबूच्या तंतूंना जखडून ठेवणारं लिग्निन १८० अंश सेल्सिअसच्या वर दाबाखाली मऊ होतं आणि चुरा आपोआप सांधला जातो. असे बोर्ड पाण्याने फुगू शकतात, त्यामुळे ते घराच्या आत, कोरड्या जागीच वापरावेत.

लाभ कार्बनचाही आहे. वाळलेल्या बांबूच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो. भुसा जाळला की हा कार्बन लगेच हवेत परततो. बोर्डात तो वर्षानुवर्षे अडकून राहतो.

२०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. सिंधुदुर्गातल्या माणगा बांबूपासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूपर्यंत महाराष्ट्राकडे कच्चा माल आहे. भुसा हलका पण जागा खाणारा, त्यामुळे तो लांब नेणं परवडत नाही. म्हणून काड्यांचे कारखाने जिथे आहेत, तिथेच बोर्डाचं युनिट हवं. आणि ग्राहकांनीही बोर्ड घेताना विचारावं: यात रेझिन कोणतं आहे?