शाळेचा गणवेश नक्की ठरवतं कोण? हुबळी-धारवाडच्या पालकांसाठी नियम काय सांगतात

हुबळी-धारवाड : मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की हुबळीच्या दुर्गद बैल परिसरात आणि धारवाडच्या सुभाष रोडवर गणवेशाच्या खरेदीला गर्दी होते. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्रापेक्षा दोन आठवडे आधी सुरू होतात, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडून बदली होऊन आलेल्या कुटुंबांची तर धावपळच उडते. एक पोरगं खासगी शाळेत, एक सरकारी हायस्कूलमध्ये आणि थोरली मुलगी पीयूसीला असेल, तर तिघांचे कपडे वेगळे, तिघांचे नियम वेगळे आणि खर्चही वेगळा.

अशा वेळी घराघरांत तोच जुना वाद निघतो. गणवेश हवाच कशाला? मुलांना घरचे कपडे घालून जाऊ द्यावं की! दुसरा म्हणतो, गणवेश नसेल तर श्रीमंताचं पोर रोज नवा ड्रेस घालून येईल आणि गरिबाचं पोर मान खाली घालून बसेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या वादात तीन साधे प्रश्न मागे पडतात: गणवेश ठरवतं कोण, पैसे देतं कोण आणि कपडा मुलाच्या अंगावर कधी चढतो? गणवेशाने समानता येते की नाही, हे या तीन उत्तरांवर अवलंबून आहे.

ठरवण्याचा अधिकार कुणाला?

कर्नाटकात याला एकच उत्तर नाही. शाळा कोणती, यावर ते ठरतं.

सरकारी शाळांमध्ये राज्य सरकारने ठरवलेला गणवेश चालतो. कानडीत त्याला 'समवस्त्र' म्हणतात. खासगी शाळांमध्ये तो संस्थेचं व्यवस्थापन ठरवतं. पीयू कॉलेजांचा, म्हणजे अकरावी-बारावीचा मामला वेगळा आहे. सरकारी पीयू कॉलेजांसाठी जानेवारी २०१४ च्या परिपत्रकानुसार कॉलेज विकास समित्या नेमल्या गेल्या आणि स्थानिक आमदार त्यांचे अध्यक्ष झाले. गणवेश ठेवायचा का आणि कोणता, हे पुढे या समित्यांच्या हाती आलं. म्हणूनच एका पीयू कॉलेजात गणवेश असतो आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात वेगळाच रंग दिसतो. पदवी कॉलेजांत मात्र बहुतेक ठिकाणी मुलं-मुली आपापले कपडे घालून येतात.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांचा गोंधळ इथेच होतो. तिकडे दहावीनंतर गणवेशाचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी संपतो, इकडे पीयूसीची दोन वर्षं तो असू शकतो. प्रवेश घेतानाच विचारून घेतलं तर जूनमध्ये पळापळ होत नाही.

पाच वर्षांचा नियम, जो फार कमी पालकांना माहीत आहे

कर्नाटक शिक्षण कायदा १९८३ चा. त्याखाली १९९५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी जे नियम झाले, त्यातला अकरावा नियम गणवेशाबद्दल आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मान्यताप्राप्त संस्थेला आपला गणवेश ठरवता येतो, पण एकदा ठरवला की पुढची पाच वर्षं तो बदलता येत नाही. आणि बदलायचाच असेल तर पालकांना किमान एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते.

याचा हिशेब सोपा आहे. थोरल्याचा शर्ट आखूड झाला की तो धाकट्याला येतो. शेजारच्या पोराची पँट कमरेत टाके घालून वापरता येते. दर दोन वर्षांनी चौकडीचा रंग बदलला किंवा खिशावरचा बिल्ला बदलला, की हे सगळे कपडे बाद. मध्यमवर्गीय घराला तो खर्च खुपतो, रोजंदारीवरच्या घराला तो झेपत नाही. नियम नेमका हाच भार टाळण्यासाठी आहे.

त्यात शनिवारचा पांढरा ड्रेस वेगळा, खेळाचा टी-शर्ट वेगळा, हाऊसच्या रंगाचा वेगळा. 'एक गणवेश' म्हणता म्हणता तीन-चार जोड होतात.

सरकारी शाळेत काय मिळतं?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. केंद्राच्या नियमांत ६ ते १४ वयाच्या मुलाला सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं आणि लेखनसाहित्याबरोबर गणवेशही मोफत मिळण्याची तरतूद आहे. कर्नाटकात 'विद्या विकास' योजनेखाली सरकारी शाळांतल्या पहिली ते दहावीच्या मुलांना गणवेश दिला जातो.

या योजनेचा हुबळीशी जवळचा संबंध आहे. गणवेशासाठी लागणाऱ्या कापडाचा एक भाग कर्नाटक हातमाग विकास महामंडळ पुरवतं. 'प्रियदर्शिनी' नावाने दुकानं चालवणारं हेच ते महामंडळ. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाचं मुख्य कार्यालय हुबळीत आहे. म्हणजे गणवेशाची ऑर्डर वेळेवर निघाली तर उत्तर कर्नाटकातल्या विणकराच्या मागाला काम मिळतं आणि पोराला जूनमध्ये कपडा मिळतो. ऑर्डर किंवा बिल अडकलं तर दोन्हीकडे ओढाताण.

बूट-मोज्यांचे पैसे शाळा विकास व देखरेख समितीकडे, म्हणजे एसडीएमसीकडे येतात आणि समितीने खरेदी करायची असते. २०२२-२३ मध्ये त्यासाठीचा दर पहिली ते पाचवीला २६५ रुपये, सहावी ते आठवीला २९५ रुपये आणि नववी-दहावीला ३२५ रुपये असा होता. एवढ्यात एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे बसवायचे.

दुसऱ्या जोडाची गोष्ट कोर्टात का गेली?

कागदावर गणवेशाचे दोन जोड, प्रत्यक्षात हातात एक, अशी तक्रार कर्नाटकात जुनी आहे. कोप्पळ जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याच्या वतीने हा विषय कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारला दोन जोड गणवेश, बूट आणि मोजे देण्याच्या हमीची आठवण करून देत अंमलबजावणीचा आदेश दिला. तरीही काम पूर्ण झालं नाही म्हणून अवमान याचिका आली आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत सुनावलं.

एका जोडासाठी एवढं कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटेल. धारवाडचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही. जून ते ऑगस्ट रिपरिप चालू असते, आज धुतलेला शर्ट उद्या सकाळी ओलाच असतो. एकच जोड असलेल्या पोरापुढे तीन वाटा उरतात: ओला शर्ट घालून जाणं, मळका घालून जाणं किंवा घरचे कपडे घालून जाऊन वर्गात उभं राहणं. चौथी वाट म्हणजे त्या दिवशी शाळाच बुडवणं. गणवेश सगळ्यांना एकसारखं दिसण्यासाठी आहे. एकच जोड दिला तर ज्याच्या घरी जास्तीचा कपडा नाही, तोच पोरगा वर्गात उठून दिसतो.

महाराष्ट्राने काय अनुभवलं?

सीमेपलीकडचा अनुभव ताजा आहे. समग्र शिक्षा अभियानातून आठवीपर्यंतच्या मुलांना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये, म्हणजे जोडामागे ३०० रुपये मिळतात. पण केंद्राच्या निकषात सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालची मुलं बसतात. बाकीची मुलं वगळली जातात. एकाच बाकावरच्या दोन पोरांपैकी एकाला गणवेश मिळायचा, दुसऱ्याला नाही. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून उरलेल्या मुलांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून करायचं ठरवलं. हा निर्णय चांगला होता.

त्याच सुमारास तेव्हाचे शालेय शिक्षण मंत्री दीपक केसरकर यांनी 'एक राज्य, एक गणवेश' आणला. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना देण्यात आलं. हेतू दोन होते, सगळीकडे एकसारखा गणवेश आणि बायकांना काम. पण शाळा १५ जूनला सुरू झाल्या आणि बऱ्याच गावांत स्वातंत्र्यदिनापर्यंत गणवेश पोचला नाही. जो आला तो कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. मापं गावात आणि कापड मुंबईच्या आदेशाने, असं झालं की हे होणारच. शेवटी २० डिसेंबर २०२४ च्या शासन निर्णयाने गणवेश खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला.

दोन्ही राज्यांचा अनुभव शेजारी ठेवला की एक गोष्ट दिसते. रंग एक ठेवायला हरकत नाही. पण माप घेणं, शिवणं आणि वेळेत हातात देणं हे काम शाळेच्या जितकं जवळ राहील तितकं बरं. अर्थात समितीतले पालक जागे असतील तर.

मग घरचेच कपडे चालू द्यावेत का?

बाजू मांडणाऱ्यांकडे मुद्दे आहेत. फ्रान्स, जर्मनी अशा देशांत बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नाही आणि तिथली मुलं शिकतातच. नुसत्या गणवेशाने अभ्यास सुधारतो याला भक्कम पुरावा नाही, असं या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेनेही म्हटलं आहे.

पण आपल्याकडची शाळा तिथली नाही. वाढदिवसाला किंवा गॅदरिंगला 'कलर ड्रेस' घालून यायला परवानगी असते, त्या दिवशी शिक्षकांना वर्गातला फरक लगेच दिसतो. कुणाचा ड्रेस मॉलमधला, कुणाचा थोरल्या भावाचा, आणि एखादं पोर त्या दिवशीही गणवेशातच. रोजच कलर ड्रेस झाला तर हा ताण रोजचा होईल. कॉलेजात गेल्यावर तो येतोच. कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंदकडून बसने हुबळीला येणाऱ्या मुलामुलींना पदवीच्या पहिल्या वर्षी कपड्यांचा खर्च पहिल्यांदा वेगळा जाणवतो.

गणवेशाच्या देशातही खर्चाचा प्रश्न सुटलेला नव्हता. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये खास कायदा करावा लागला. शाळेचा छाप असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवा आणि वापरलेले गणवेश पालकांना सहज मिळतील अशी सोय करा, असं त्याखालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे हे काम शेजारणी-शेजारणी पूर्वीपासून करत आल्या आहेत, शाळेने त्याला एक कपाट दिलं तरी पुरे.

२०२२ चा वाद आणि नियमाची दुसरी बाजू

गणवेशाचा विषय कर्नाटकात निघाला की हिजाबचा वाद आठवतोच. उडुपीच्या सरकारी पीयू कॉलेजातून सुरू झालेलं प्रकरण फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यभर पसरलं. ५ फेब्रुवारीला सरकारने आदेश काढला, तणाव वाढल्यावर हायस्कूल आणि कॉलेजांना तीन दिवस सुट्टी द्यावी लागली. १५ मार्च २०२२ ला उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने गणवेश ठरवणं हे वाजवी बंधन असल्याचं सांगून याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिलं फेटाळली, न्या. सुधांशू धुलिया यांनी ती मान्य केली आणि मुलींचं शिक्षण हा मुद्दा पुढे ठेवला. प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे गेलं.

या वादात कुणाची बाजू कुठली हे बाजूला ठेवलं तरी एक व्यावहारिक धडा राहतो. परीक्षा तोंडावर असताना, वर्षाच्या मध्यात फाटकावर कपड्यांचा प्रश्न उभा राहिला की नुकसान मुलांचं होतं. पाच वर्षं आणि एक वर्षाची नोटीस या नियमामागची समजूतही तीच आहे. जे ठरवायचं ते आधी ठरवा, पालकांना सांगून ठरवा.

पालकांनी काय करावं?

खासगी शाळेने गणवेश बदलला तर मागचा बदल कधी झाला होता आणि नोटीस कधी दिली, हे लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बीईओ ऑफिसात, लेखी तक्रार देता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

सरकारी शाळेत असाल तर एसडीएमसीच्या बैठकीला जा. दोन्ही जोड आले का, बुटांचे पैसे कधी जमा झाले, खरेदी कुठून झाली, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. मराठी माध्यमाच्या शाळेतले अनेक पालक कानडीतली परिपत्रकं वाचता येत नाहीत म्हणून गप्प बसतात. मुख्याध्यापकांकडून ती समजून घेण्यात कमीपणा काहीच नाही.

पीयूसीला प्रवेश घेताना समितीचा गणवेशाबाबतचा चालू निर्णय आधी पाहा, मगच कापड घ्या. आणि दहावी झालेल्या पोराचा चांगला शर्ट पेटीत ठेवू नका. गल्लीतल्या आठवीतल्या पोराला तो जूनच्या पहिल्या पावसात दुसरा जोड म्हणून उपयोगी पडेल.