एक युद्ध आणि चार देश

दोन राष्ट्रांचा संबंध म्हटला कीं तह, वकिलाती आणि लढाया यांच्याकडे प्रथम लक्ष जातें. परंतु ज्या देशांनीं एकमेकांशीं कधीं तह केला नाहीं कीं तलवार उपसली नाहीं, त्यांचेंही बरेंवाईट पुष्कळदां एकमेकांवर अवलंबून असतें. तें कसें, हें समजून घ्यावयाचें तर १८६१ ते १८६५ या काळांतील कापसाची हकीकत पाहण्यासारखी आहे.

त्या वेळीं इंग्लंडांतील लँकेशायर परगणा सूत आणि कापड यांवर जगत होता. तेथील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई, आणि तो मुख्यतः गुलामांच्या श्रमांवर पिकत असे. १८६१ च्या एप्रिलांत, ज्याच्या मुळाशीं गुलामगिरीचा प्रश्न होता, असें यादवी युद्ध उत्तर व दक्षिण यांच्यांत पेटलें. अध्यक्ष लिंकन यांनीं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. उलट दक्षिणेंतील पुष्कळांचा हिशेब असा, कीं कापूस अडला म्हणजे इंग्लंड निमूटपणें आपल्या बाजूस येईल. म्हणून आरंभीं त्यांनींही माल रोखून धरला. हा हिशेब चुकला. इंग्लंडच्या वखारींत आधींचा सांठा पुष्कळ होता, आणि तो सरत आला तों दुसऱ्या देशांचा माल येऊं लागला.

तथापि लँकेशायरचे हाल व्हावयाचे चुकले नाहींत. १८६२ च्या अखेरीस गिरण्या बंद पडून लाखों माणसें मदतीच्या अन्नावर आलीं. असें असतांही ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टरच्या सभेंत जमलेल्या मजुरांनीं गुलामगिरीविरुद्ध लिंकन यांना पाठिंबा दिला. सर्वच मजूर या मताचे नव्हते. पण ज्यांच्या चुली नाकेबंदीनें थंड झाल्या त्यांच्यापैकीं इतक्यांनीं तिचें समर्थन करावें, ही गोष्ट सामान्य नव्हे. १९ जानेवारी १८६३ रोजीं लिंकन यांनीं त्यांना आभाराचें पत्र धाडलें, आणि पुढच्याच महिन्यांत अमेरिकेच्या उत्तर भागांतून धान्यानें भरलेलें जहाज लिव्हरपुलास लागलें.

इकडे मुंबईस सोन्याचा पाऊस पडूं लागला. हिंदुस्थानच्या कापसाला विलायतेंत ‘सुरती’ म्हणत. त्याचा धागा आंखूड, त्यांत कचरा फार. गिरणींत तो वारंवार तुटे आणि मजुराची मजुरी बुडे. परंतु दुसरा मिळेना, म्हणून त्यालाच अपूर्व भाव आला. या काळांत मुंबईला नेहमींच्या किंमतीपेक्षां सुमारें ८ कोटि १० लक्ष पौंड अधिक मिळाले, असा अंदाज आहे. एवढा पैसा कोठें घालावा हें न कळून बँका आणि समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांचे भाव आकाशाला भिडले. ९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचे सेनापति ली शरण गेले. कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडतांच मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. ज्यांच्या देणगींतून पुढें राजाबाई मनोरा उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंदही यांतून सुटले नाहींत. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ सालीं ती ६,४४,४०५ भरली.

शहराचें नुकसान लवकर दिसलें, खेड्याचें उशिरां. तेजींत सावकारांनीं शेतकऱ्यांना सढळ हातानें कर्ज दिलें होतें. भाव उतरल्यावर तो हात आंखडला, पण जुनें कर्ज राहिलें. त्यांतच सरकारनें जमिनीचा सारा वाढविला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनीं कर्जाचे दस्तऐवज जाळले. हा वणवा नगर जिल्ह्यांतही पसरला. कापसाची मंदी हें त्याच्या अनेक कारणांपैकीं एक होतें. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचें मूळ या दंग्यांत होतें.

इजिप्तची कथा याहून दारुण आहे. तेथेंही कापसानें पैसा आला, आणि त्याच्या भरंवशावर इस्माईल पाशानें युरोपांतून कर्जें काढलीं. तेजी गेली, व्याज राहिलें. १८७५ सालीं सुवेझच्या कालव्यांतील शेअर इंग्लंडला विकावे लागले, आणि १८८२ सालीं ब्रिटिश फौज देशांत उतरली.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. ज्याच्याजवळ सांठा आहे आणि ज्याला दुसरा विक्रेता शोधतां येतो, तो देश आघात सोसतो. ज्यानें एकाच पिकावर आणि उसन्या पैशावर भिस्त ठेविली, तो त्याखालीं सांपडतो. दुसरें असें, कीं युद्ध थांबलें म्हणजे त्याचे परिणाम थांबत नाहींत. सुप्याच्या शेतकऱ्याला अमेरिकेची लढाई ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. ती संपल्यावर दहा वर्षेंपर्यंत तिचें व्याज मात्र त्याच्या खात्यावर चढत होतें.