बार्सिलोनाहून सकाळी निघून संध्याकाळी परत

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी 2025 च्या मार्चअखेरीस मी बेळगावहून बार्सिलोनाला गेले. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्यातला पहिला महिना डिंकाचे लाडू, बाळाचं तेल-पाणी आणि लेकीचं पथ्य यातच सरला. (धुरीचा मोह मात्र आवरावा लागला. छताला धुराची घंटा बसवलेली!) मग एके दिवशी लेक म्हणाली, "आई, मोठीला शनिवारी कुठं तरी बाहेर ने ना. बाळ आल्यापासून रुसून बसलीय. बाळाकडं हे बघतील."

मोठी नात नऊ वर्षांची. शाळेत कॅटलन, खेळाच्या मैदानावर स्पॅनिश, आईबाबांशी इंग्रजी. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की ओठ मिटतात. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा महिनाभर संसार चालला होता. फोनवर गोड गोड बोलणारी नात समोर आल्यावर परकी का वाटावी, हे मला कळत नव्हतं. आणि लेकीला सांगायची सोय नव्हती. ओल्या बाळंतिणीला कशाला त्रास?

तर आम्ही दोघी निघालो. बार्सिलोनाला बिऱ्हाड केलं की आसपासची बरीच गावं एका दिवसात बघून येता येतात, हे तिथलं मोठं सुख. गाड्या भरपूर, अंतरं आपल्या बेळगाव-कोल्हापूरसारखी.

पहिल्या शनिवारी जिरोना. वेगवान गाडीनं चाळीस मिनिटांत पोचतो, साध्या गाडीला दीड तासाच्या आसपास लागतो. ओन्यार नदीच्या काठावर पिवळी, तांबडी, केशरी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. नदीवर एक तांबडा लोखंडी पूल आहे. तो आयफेलच्या कंपनीनं 1877 साली बांधला, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्याही आधी. वर चढून गेलं की जुनी यहुदी वस्ती लागते. तिथले बोळ इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात. 1492 च्या फर्मानानं यहुद्यांना धर्म बदला नाहीतर देश सोडा असं सांगितलं गेलं, तेव्हा ही वस्ती रिकामी झाली. कॅथेड्रलच्या पायऱ्या नव्वदच्या घरात आहेत, गुडघे दुखत असतील तर बसत बसत चढा. पण चढाच. आतला सभामंडप जवळजवळ 23 मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. त्या जातीच्या गॉथिक बांधणीत जगात एवढा रुंद दुसरा नाही म्हणतात.

एका खांबावर दगडी सिंहीण चढवलेली आहे. तिच्या पार्श्वभागाचा मुका घेतला की माणूस पुन्हा जिरोनाला येतो, अशी तिथली समजूत. नात पायरीवर चढून मुका घेऊन आली आणि मला म्हणाली, "युवर टर्न." मी म्हटलं, "मला नको गं बाई." एवढंच काय ते आमचं त्या दिवसाचं संभाषण.

दुसऱ्या शनिवारी मोंसेरात. नावाचा अर्थ करवतीसारखा दातेरी डोंगर. लांबून बघितलं की खरंच कुणी करवत उलटी ठेवल्यासारखी दिसते. प्लासा एस्पान्याच्या स्थानकातून तासाभराची गाडी आहे. पुढं वर जायला दोन वाटा. एक 1930 सालापासून चालणारी दोरीवरची पाळणागाडी, आणि दुसरी दातेरी रुळांची छोटी रेल्वे. ही रेल्वे 1892 साली सुरू झाली, 1957 साली बंद पडली आणि 2003 मध्ये पुन्हा नव्यानं सुरू झाली. वाचकांपैकी कुणी जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. पाळण्याचं स्थानक आधी येतं आणि रेल्वेचं त्याच्या पुढं. तिकीट ज्याचं असेल तिथंच उतरायचं. आमच्याकडं तिकीट रेल्वेचं, आणि गर्दी उतरली म्हणून आम्हीही उतरलो ती पाळण्यापाशी. गाडी निघून गेली. पुढची तासाभरानं.

फलाटावर आणखी एक आजीबाई धापा टाकत उभ्या होत्या. त्यांचीही तीच गाडी चुकली होती. ऐंशी ओलांडलेल्या, हातात कापडी पिशवी, बहिणीकडं मनरेसाला निघालेल्या. बाकावर तिघी बसलो. मी पिशवीतून चपाती आणि शेंगाचटणी काढली, त्यांनी पाव काढला. पावावर टोमॅटो चोळून, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ घातलेला. तिथं घरोघरी तोच खातात. चटणी त्यांनी बोटानं चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागून घेतली.

त्या बोलत होत्या कॅटलन. मला ओ की ठो कळेना. आता दुभाषी एकच, आणि तिला इलाज नव्हता, कारण तिथं आई नव्हती, बाबा नव्हते आणि आज्जीचं इंग्रजी जेमतेम. नात मराठीत बोलायला लागली. अडखळत, हातवारे करत.

"ती म्हणते, ती लहान होती ना, तेव्हा शाळेत कॅटलन नको होतं."

"नको होतं म्हणजे?"

"म्हणजे... नको होतं. टीचरला. सगळ्यांना. घरी बोलायचं, शाळेत नाही."

फ्रँकोची राजवट 1939 ते 1975. त्या काळात शाळा, कचेऱ्या सगळीकडं स्पॅनिशच. पुढं 1979 साली कॅटलोनियाला स्वायत्तता मिळाली, 1983 च्या कायद्यानं शाळेत कॅटलन आलं. हे मी नंतर जावयांकडून समजून घेतलं. पण त्या बाकावर मला 'नको होतं' एवढ्यावरच सगळं कळलं. आजीबाई पुढं सांगत होत्या. लग्न होऊन शहरात आल्या, आईला पत्र लिहायचं तर स्पॅनिशमधून, कारण आपल्या भाषेत लिहायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. आईला ती पत्रं नीट लागायची नाहीत. चाळिशी आल्यावर त्या संध्याकाळच्या वर्गाला गेल्या आणि घरची भाषा लिहायला शिकल्या. "पण तेव्हा तिची आई नव्हती," नात म्हणाली आणि माझ्याकडं बघून गप्प झाली.

मला माझी गदगची अज्जी आठवली. माझी आई गदगची, कानडी. वडील बेळगावचे, मराठी. घरात दोन्ही भाषा चालायच्या. भांडण एकीत सुरू व्हायचं आणि दुसरीत संपायचं. मी शिकले मराठी शाळेत. कानडी बोलते फडाफडा, पण वाचायची म्हणजे दुकानाची पाटी नि बसचा फलक. अज्जीची पत्रं यायची ती आई मोठ्यानं वाचून दाखवायची. आई गेल्यावर ते पत्रांचं बोचकं माझ्याकडं आलं. ट्रंकेत आहे. हाताचं कानडी अक्षर मला लागत नाही, म्हणून कधी सोडलंच नाही.

गाडी आली, आजीबाई पुढं गेल्या, आम्ही पुढच्याच स्थानकावर उतरलो. वर साडेसातशे मीटरच्या आसपास मठ आहे, 1025 साली स्थापन झालेला. आम्ही गेलो तेव्हा हजार वर्षांचे फलक जागोजागी लागले होते. मंदिरातली मेरी बाराव्या शतकातली, लाकडी, चेहरा काळासावळा. लोक तिला लाडानं 'मोरेनेता' म्हणजे सावळी म्हणतात. मूर्ती काचेआड आहे, फक्त हातातला गोळा बाहेर. त्याला हात लावायला रांग. पंढरपूरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ती रांग कसली जड? फ्रँकोच्या काळातही या मठानं कॅटलन टिकवली. 1959 पासून इथून त्या भाषेतलं मासिक निघतं. हे सगळं नातीनं फलकावरचं वाचून मला सांगितलं. मराठीत. 'मासिक' शब्द तिला येत नव्हता, "दर महिन्याचं पुस्तक" म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. मठातल्या मुलांचं गाणं प्रसिद्ध आहे, पण त्याचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात; आमच्या दिवशी नव्हतं. तुम्ही आधी बघून जा. खाली उतरताना मध आणि ताज्या चीजचे स्टॉल लागतात. आपलं पनीर मधात बुडवून खाल्ल्यासारखं लागतं. छान लागतं.

सिट्जेसची पुळण आणि फिगेरसचं दालीचं संग्रहालयही एका दिवसात होतं. पुळण आपल्याला गोव्याची जवळ आहे, आणि दालीची चित्रं बघून माझं डोकं दुखलं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तिसरं गाव तारागोना. वेगवान गाडीनं जाऊ नका, तिचं स्थानक गावाबाहेर दहा-एक किलोमीटरवर आहे. साधी गाडी गावात नेते आणि वाटेत बराच वेळ समुद्र खिडकीशी असतो. इथं रोमन लोकांची राजधानी होती. दुसऱ्या शतकातलं गोल प्रेक्षागृह अगदी समुद्राच्या कडेला आहे. खाली माणसं आणि जनावरं झुंजवायची, पाठीमागं निळं पाणी. गावाबाहेर दुमजली कमानींचा पाण्याचा पाट आहे, 27 मीटर उंच, चुना न वापरता दगडावर दगड ठेवून रचलेला.

मोठ्या रस्त्यावर माणसांच्या मनोऱ्याचा पुतळा आहे. आपली दहीहंडीच! फक्त हंडी नाही. सगळ्यात वरचं लेकरू पोचलं की हात वर करतं आणि उतरतं. 2006 च्या अपघातानंतर लहानग्यांना हेल्मेट आलं. नात म्हणाली, "आज्जी, वर गेलं की झालं नाही. खाली पण नीट यायचं. तरच पूर्ण." मनोरा चढला पण उतरताना कोसळला तर त्याला मान कमी.

परतीच्या गाडीत तिनं वही काढली. "तुझ्या आज्जीला काय म्हणायचीस?"

"अज्जी."

"सेम?"

"जवळजवळ."

"लिही."

मराठीतलं लिहिलं. तिनं खाली गिरवलं, काना विसरून. मग म्हणाली, "आता तिचं लिही." कानडीतला अ आठवला, ज आठवला, पण जोडाक्षरात दुसरा ज खाली लोंबवतात तो कसा, तेच आठवेना. तारागोना ते बार्सिलोना तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. ती शांतपणे बघत होती.

जूनमध्ये परत आल्यावर ट्रंकेतून बोचकं काढलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त कानडी शाळेच्या बाई राहतात. त्या बुधवारी संध्याकाळी येतात, एकेक पत्र वाचतात, मी शेजारी बसून अक्षरं लावते. पहिलंच पत्र दसऱ्यानंतरचं. गदगला पाऊस नाही, शेंगा बऱ्या आल्यात, आणि मागच्या वेळी तुपाचा डबा पाठवला होता तो अजून परत आलेला नाही, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवून द्या.